२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे हाताने कसं सिद्ध केलं असेल?

आकडेमोड

मंडळी, सॉफ्टवेअरमधल्या लोकांनी हा आकडा नक्की बघितला असणार. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. माझी आणि त्याची पहिली भेट रात्री अडीचला झाली, तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे डेटाबेसमधल्या एका टेबलाचा आयडी (नोंदीचा क्रमांक) कॉलम साधा इंट, म्हणजे ३२ बिटचा पूर्णांक, ठेवलेला होता, वाढत वाढत तो २१४७४८३६४७ ला पोचला आणि पुढची एकही नोंद घ्यायला तयार होईना, स्क्रीनवर तोच आकडा परत परत, 'डुप्लिकेट एन्ट्री'. कॉलम बदलून सगळं सुरळीत व्हायला सकाळचे सात वाजले. तेव्हापासून माझ्यासाठी हा आकडा म्हणजे 'लिमिट', एवढीच त्याची ओळख होती.

परवा मुलगी (सहावीत आहे) मूळ संख्यांचा अभ्यास करत होती आणि मला म्हणाली बाबा एक मोठी संख्या सांगा, मी बघते मूळ आहे का. माझ्या तोंडातून हीच निघाली. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. ३ ने भागलं, बाकी १. ५ ने जात नाही हे दिसतंच. ७ ने भागलं, बाकी १. ११ ने भागलं, परत १. ती म्हणाली "बाबा, दरवेळी एकच कसा उरतो?" १३ ला १० उरले तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं. मला उत्तर माहीत नव्हतं, मग रात्री वाचत बसलो, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

ही खरंच मूळ संख्या आहे. २ चा ३१वा घात वजा १. आणि ती मूळ आहे हे अठराव्या शतकातल्या ऑयलर या स्विस गणितज्ञाने सिद्ध केलं, १७७२ मध्ये बर्नुली घराण्यातल्या एकाला लिहिलेल्या पत्रात त्याने ते कळवलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. साध्या पद्धतीने करायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, त्या पावणेपाच हजारांच्या आसपास भरतात. ऑयलरला जास्तीत जास्त ३७२ भागाकार पुरणार होते असं वाचलं. पावणेपाच हजारांचे ३७२ कसे झाले? आणि आमच्या वहीतला तो एक? जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं, मुलीलाही दाखवणार आहे.

सह्यवाट

मस्त धागा. याच आकड्याची अजून एक तारीख आहे. जुन्या ३२ बिटच्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, तो मोजणारा काटा २१४७४८३६४७ वर संपतो, आपल्या वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. आणि २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या व्ह्यूजनी हा आकडा ओलांडला होता ते आठवतच असेल. पण मूळ संख्या आहे हे मला आज कळलं. वाचतोय.

रानजाई

आकडेमोड, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिने जे पकडलं ते माझ्या नववी-दहावीच्या मुलांनासुद्धा पटकन दिसलं नसतं. आधी तिच्याच प्रश्नाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यातूनच उलगडतं.

दरवेळी १ उरतो याचा अर्थ आपल्या आकड्यातून १ काढला की ३, ७, ११ सगळ्यांनी भाग जातो. १ काढला की येतात २१४७४८३६४६, आणि याचे अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. म्हणजे ३१, १५१, ३३१ ने भागूनही तिला एकच उरला असता. १३ या यादीत नाही म्हणून तिथे १० आले.

का बरं असं? २१४७४८३६४६ म्हणजे २ × (२^३० − १), इथे २^३० म्हणजे २ चा ३०वा घात. फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाचा छोटा सिद्धांत सांगतो की कुठलीही विषम मूळ संख्या घ्या, तिच्यातून एक वजा करा, २ चा तेवढा घात करा, तो त्या मूळ संख्येने भागला की बाकी १. ३ मधून १ गेला २, ७ मधून गेला ६, ११ मधून १०, ३१ मधून ३०. हे २, ६, १०, ३० सगळे ३० ला भागतात, म्हणून २^३० ला सगळीकडे बाकी १, आणि त्यातून १ काढला की निःशेष भाग.

आता ऑयलर. समजा भ ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला भ ने भागलं की बाकी १. आता २, ४, ८, १६ असं दुप्पट दुप्पट करत गेलं आणि दरवेळी भ ने भागून बाकी लिहीत गेलं तर बाक्या फिरून फिरून त्याच येतात, रहाटगाडग्यासारखं, आणि बाकी १ आली की एक फेरा पुरा. ३१व्या पायरीला १ आलाय म्हणजे फेऱ्याच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे, ३१ स्वतःच मूळ, म्हणजे लांबी १ किंवा ३१. १ शक्य नाही, म्हणून ३१. पण फर्मा म्हणतो की (भ − १) व्या पायरीलाही १ येतोच, म्हणजे भ − १ ला ३१ ने भाग जातो. भ विषम, म्हणून भ − १ सम. म्हणजे ६२ ने भाग जातो.

म्हणजे भागू शकणारी संख्या फक्त ६२ च्या पाढ्यात एक मिळवून येणारी. ६३, १२५, १८७, २४९, ३११... बाकी सगळ्या मूळ संख्या बिनभागाकाराच्या बाद!

चिंचगुळ

ताई फेऱ्यापर्यंत कळलं पण ६२ वर अडकले. एखादं छोटं उदाहरण द्याल का, जिथे खरंच भाग जातो असं? माझं गणित बारावीनंतर सुटलं, पण हे वाचताना मजा येतेय.

रानजाई

हो, देते ना. २^११ − १ = २०४७ घ्या. इथे ३१ च्या जागी ११, म्हणून भाजक २२ च्या पाढ्यात एक मिळवून येणारा हवा. पहिलाच २३. २३ × ८९ = २०४७. आणि ८९ म्हणजे २२ × ४ + १. दोन्ही बरोबर बसले की नाही?

यावरून एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. १५८८ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या कातालदी या गणितज्ञाने सरळ भागाकार करून २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ आहेत हे दाखवलं होतं, म्हणजे १३१०७१ आणि ५२४२८७, आणि ते अगदी बरोबर होतं. पण पुढे त्याने म्हटलं की घात २३, २९, ३१, ३७ घेतले तरी मूळच येते. १६४० मध्ये फर्माने दाखवलं की २३ वाली ४७ ने भागते. ४७ म्हणजे ४६ + १, यादीतली पहिलीच संख्या! ३७ वाली २२३ ने भागते (७४ × ३ + १), तीही फर्मानेच शोधली. २९ वाली २३३ ने भागते, ५८ × ४ + १, ते नंतर ऑयलरने दाखवलं. चारातली एकटी ३१ वाली टिकली. कातालदीकडे ही ६२ वाली युक्ती असती तर तीन चुका त्याला तिथल्या तिथे दिसल्या असत्या.

आता ६२ वरून २४८. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे भ ने भागायच्या हिशेबात २ हा कुणाचा तरी वर्ग झाला, आणि असं तेव्हाच होतं जेव्हा भ ला ८ ने भागून १ किंवा ७ उरतात (याची सिद्धता इथे देत नाही, लांबेल). ६२ च्या यादीतल्या संख्या चार चारच्या गटात घ्या (६२ × ४ = २४८): १, ६३, १२५, १८७. ८ ने भागून यांना १, ७, ५, ३ उरतात, म्हणजे चारातल्या शेवटच्या दोन जागा गळतात, आणि उरतात फक्त २४८ न + १ आणि २४८ न + ६३ अशा संख्या (न म्हणजे ०, १, २, ३...).

मोजू या. ४६३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६, दुसऱ्या प्रकारच्या ६३ धरून १८७. एकूण ३७३. ६३ मूळ नाही हे उघड आहे, ती काढली की ३७२. हेच तुमचे ३७२!

आणि यातल्याही सगळ्या भागायच्या नाहीतच, मूळ असतील त्यांनीच भागायचं. सुरुवातीच्या बघा: २४९ (३ ने जाते), ३११ मूळ, ४९७ (७ ने), ५५९ (१३ × ४३), ७४५, ८०७, ९९३, १०५५ सगळ्या गेल्या, १२४१ (१७ × ७३), १३०३ मूळ. पहिल्या दहांत दोनच भागाकार! ३११ ने मी आत्ता वहीत केला: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५.

आकडेमोड

रानजाई ताई, काय सुंदर समजावलंत! मी तीनदा वाचलं. मुलीला रहाटगाडग्याची बाकी करून दाखवली, ७ ने: २, ४, १, २, ४, १. ती म्हणाली हे तर नाचाच्या ठेक्यासारखं आहे, एक दोन तीन एक दोन तीन. १३ ने केलं तर बारा पावलांनी १ आला. तेव्हा तिला कळलं की १३ वेगळा का वागला, बारा पावलांचा फेरा तिसाव्या पावलाला पुरा होत नाही.

घाटमाथा

धागा छान रंगलाय, थोडी भर घालतो. पण आधी एक, हे वाचून कोणाचा समज होऊ नये की घात मूळ असला की २^घात − १ मूळच येते. मर्सेन या फ्रेंच साधूने १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली (म्हणून २^घात − १ अशा संख्यांना मर्सेनच्या संख्या म्हणतात), त्यात ६७ आणि २५७ चुकून आले आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. ६७ वाली १९०३ मध्ये कोलने फोडली, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार एकदा हाताने करून बघा, मी केलाय, वहीचं एक पान पुरतं आणि शेवटचा अंक जुळला की जो आनंद होतो तो सांगता येत नाही.

आता ऑयलरनंतरची खरी उडी. १८७६ मध्ये ल्यूका नावाच्या फ्रेंच माणसाने भाजक न शोधता मूळ आहे की नाही ते ओळखायची रीत काढली, पुढे लेमरने ती नीटनेटकी केली. ४ पासून सुरुवात, वर्ग करायचा, २ वजा, मग आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, परत वर्ग, वजा २, बाकी. घातापेक्षा दोन कमी एवढ्या पायऱ्या झाल्यावर शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही. बस्स.

१२७ साठी (२^७ − १) करून दाखवतो, पाच पायऱ्या:

४ चा वर्ग १६, वजा २, १४.
१४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. १२७ काढले, ६७.
६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७. बाकी ४२.
४२ चा वर्ग १७६४, वजा २, १७६२. बाकी १११.
१११ चा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९. बाकी ०.

आणि बाकी काढायला भागाकारसुद्धा लागत नाही! ९ ने भाग जातो का ते बघायला आपण अंकांची बेरीज करतो ना, तसंच. १२८ चे किती गट आणि वर किती उरले, दोन्हींची बेरीज करायची. ४४८७ म्हणजे १२८ चे ३५ गट आणि वर ७, बेरीज ४२. १७६२ म्हणजे १३ गट आणि ९८, बेरीज १११. १२३१९ म्हणजे ९६ गट आणि ३१, बेरीज १२७, म्हणजे शून्यच. कॉम्प्युटरला १२८ चे गट पाडणं म्हणजे बिट सरकवणं, काही कष्टच नाहीत. आपल्या २१४७४८३६४७ ला या रीतीने फक्त २९ पायऱ्या. ३७२ भागाकारांच्या जागी २९ वर्ग!

याच रीतीच्या जोरावर १९९६ पासून गिम्प्स नावाचा उपक्रम चालतो, जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर त्यात लावतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ त्यातूनच सापडली, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी. ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंटने ग्राफिक्स कार्ड वापरली होती.

कोरडवाहू

हे सगळं ठीक आहे पण उपयोग काय? का आपलं छंद म्हणून? बँकेच्या ओटीपी आणि यूपीआयमध्ये याच मर्सेनच्या संख्या वापरतात असं ऐकलंय.

सह्यवाट

कोरडवाहू, ते बरोबर नाही. आरएसएसारख्या माहिती गुप्त ठेवायच्या पद्धतीत ज्या मूळ संख्या लागतात त्या तीनएकशे अंकी असतात आणि त्या कोणाला माहीत नसणं हाच त्यांचा उपयोग. मर्सेनच्या सगळ्या ज्ञात मूळ संख्या यादीत छापलेल्या आहेत, त्या तिथे गुप्त किल्ली म्हणून चालणारच नाहीत. उघडपणे मात्र चालतात, २^५२१ − १ ही एका मान्यताप्राप्त एलिप्टिक कर्व्हच्या (हीही गुप्त संदेशांचीच एक पद्धत) पायात आहे, कारण वर घाटमाथा यांनी दाखवलेली ती गट पाडायची युक्ती हिशेब फार वेगाने करते.

घाटमाथा

+१. आणि कोरडवाहू, हाच प्रश्न १८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञालाही पडला होता. त्याने लिहून ठेवलं की ऑयलरच्या या संख्येवरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज तेवढीच येणारी) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कोणी कधी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. त्याच्या बाजूने एक खरं, १७७२ नंतर जवळजवळ आठ दशकं ऑयलरच्या या मूळ संख्येच्या पुढे कोणी गेलं नाही.

पण उपयोग निघाला, तो निघाला नेमका याच संख्येचा. कॉम्प्युटरमध्ये यादृच्छिक, म्हणजे आधी अंदाज न बांधता येणारे, आकडे हवे असतात, गेम असो की सिम्युलेशन. १ घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, परत १६८०७ ने गुणा. १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८... असं चालत राहतं आणि १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच येऊन मगच परत १ येतो. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असे आकडे काढणारा हा जनरेटर आजही आहे.

१६८०७ च का? तो ७ चा पाचवा घात. आपल्या संख्येच्या हिशेबात ७ चा फेरा पुऱ्या २१४७४८३६४६ पावलांचा आहे. ७ च्या ऐवजी त्याचा पाचवा घात घेतला, म्हणजे पाच पाच पावलं एकदम टाकली, तरी कोणी सुटत नाही, कारण रानजाई ताईंनी वर पाडलेले अवयव बघा, २, ३, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१, त्यात ५ नाही! ५ असता तर फेरा पाचव्या हिश्श्यावरच मिटला असता. तुमच्या मुलीने वहीत पकडलेल्या त्या 'एका'वर हा सगळा डोलारा उभा आहे.

आकडेमोड

हे वाचून अंगावर काटा आला. खरंच.

मला एक सांगा, ३२ बिटचं लिमिट मूळ संख्या निघालं हा योगायोगच ना? ६४ बिटचं पण मूळ आहे का?

रानजाई

योगायोगच. एक बिट चिन्हाला जातो म्हणून ८ बिटला २^७ − १, १६ ला २^१५ − १, ३२ ला २^३१ − १, ६४ ला २^६३ − १. ७ आणि ३१ मूळ आहेत. १५ आणि ६३ दोघांना ३ ने भाग जातो, आणि घाताला ३ ने भाग गेला की संख्येला २^३ − १ म्हणजे ७ ने जातोच. ३२७६७ = ७ × ३१ × १५१, करून बघा. ६४ बिटचं लिमिटही तसंच ७ ने जातं.

आणि अजून एक, हे युक्लिडपासून चालत आलेलं. मूळ निघालेल्या २^३१ − १ ला २^३० ने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज बरोबर तेवढीच. ६, २८, ४९६ या ओळीतली ही आठवी: २३०५८४३००८१३९९५२१२८. शाळेत ६ आणि २८ सगळेच शिकवतात. मी दरवर्षी ही आठवी फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहिते आणि पुसत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवते.

चिंचगुळ

आता मला पण एक सुचलं. ३१ स्वतःच २^५ − १ आहे ना? मग २१४७४८३६४७ हाच घात घेतला तर? २^२१४७४८३६४७ − १ मूळ असेल का?

घाटमाथा

वा, चिंचगुळ! हे 'दुहेरी मर्सेन' म्हणून प्रसिद्ध आहे. ३ वरून ७, ७ वरून १२७, ३१ वरून आपली ही, १२७ वरून ३९ अंकी, सगळ्या मूळ. पण तुम्ही म्हणता ती मूळ नाही. संख्या लिहायचीच झाली तर साडेचौसष्ट कोटी अंक लागतील, तरी तिचा एक भाजक अवघ्या पंधरा अंकांत मावतो: २९५२५७५२६६२६०३१. आणि तोही रानजाई ताईंच्या नियमातच बसतो. तिथे ६२ म्हणजे ३१ ची दुप्पट होती, इथे २१४७४८३६४७ ची दुप्पट, तिच्या ६८७४५ पट अधिक १. साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येतं, मी आत्ताच ताडून बघितलं, जुळतंय.

कोरडवाहू

मघाशी उपयोग काय विचारलं ते मनापासूनच विचारलं होतं, उत्तर मिळालं. १३०३ ने मी भागलं. भागाकार १६४८१०७, बाकी २२६. कोणी तपासून सांगा.

आकडेमोड

बरोबर आहे, आम्ही दोघांनी तपासलं. त्यापुढे यादीत मूळ निघते ती १४८९, ती मुलीने एकटीने केली, १४४२२३२ भागाकार आणि बाकी १९९. मग १५५१, १७३७, १७९९, १९८५ गेल्या, आणि त्याच्यापुढे २०४७ आली तेव्हा ती ओरडलीच, "ही तर २३ आणि ८९ वाली!" २२३३, २२९५, २४८१ पण गेल्या. २५४३ मूळ आहे, तिने भागलं तर ८४४४६८ आणि बाकी १५२३. वहीत चार ओळी झाल्या, शेजारी तिने 'ऑयलर' असं लिहिलंय. रविवारी पुढच्या करणार आहोत.